नगरचा वेढा, फासे आणि गेलेली लाईट

मी नगरचा. २०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव सरकारी दप्तरात अहिल्यानगर झालं, पण आमच्या आईच्या आणि पुण्याहून सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे, म्हणून इथेही तेच लिहितो. नोकरी पुण्यात, संगणकाची. घरच्यांच्या लेखी ‘संगणकवाला’ म्हणजे वायर असलेली कुठलीही वस्तू दुरुस्त करता आलीच पाहिजे असा माणूस. त्यामुळे दिवाळीत घरी पोचलो की चिवड्याच्या वाटीआधी समोर येतो तो आईचा ‘भरलेला’ फोन, मग वहिनीचा प्रिंटर, मग टीव्हीचा डबा. प्रिंटर कुणालाच दुरुस्त करता येत नाही हे वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, पण घरात तसं कबूल करायची सोय नाही.

तर गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, सगळी दुरुस्तीकामं (म्हणजे बंद करून परत चालू करणं) उरकली आणि मी पोरांना माझा आवडता गेम दाखवायला बसलो. पोरं म्हणजे भावाची दोन, ताईची एक, आणि मावसभावाचा एक इंजिनीअरिंगला नुकताच गेलेला, म्हणून स्वतःला पोरांत न धरणारा.

गेमचं नाव युरोपा युनिव्हर्सालिस. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा, मी खेळतो ती चौथी आवृत्ती २०१३ ची. मारामारी जवळजवळ नाहीच. जगाचा नकाशा असतो, एक राज्य घ्यायचं आणि १४४४ पासून १८२१ पर्यंत ते चालवायचं. कर, सैन्य, सोयरिकी, तह, बंडं. आमची ही म्हणते की ऑफिसमध्ये एक्सेल बघतोस ते कमी पडतं का, आणि तिचं फारसं चुकत नाही. पण पहिल्यांदा त्या नकाशावर मी दख्खनपर्यंत आलो, तारीख पुढे सरकवली आणि बहमनी राज्याच्या जागी फुटून निघालेल्या राज्यांत ‘अहमदनगर’ दिसलं, तेव्हा खरोखर अंगावर काटा आला होता. स्वीडनमधल्या कुणीतरी बसून आमच्या गावाला एक रंग दिला, एक झेंडा दिला! शाळेत असताना आम्हाला शिवाजी महाराजांच्या आधीचं नगर म्हणजे फक्त ‘निजामशाही’ एवढा एक शब्द होता. १४९० साली मलिक अहमदने बहमनींपासून फारकत घेतली, १४९४ मध्ये भिंगारजवळ शहर वसवायला घेतलं, पुढे हुसेन निजामशहाने किल्ला दगडी केला, हे मी या गेमच्या नादाने नंतर वाचलं. (गेममुळे पोरं बिघडतात म्हणणाऱ्या नातेवाईकांनी नोंद घ्यावी.)

पोरांना मी १५९५ सालचं नगर उघडून दिलं. वरून अकबराचं राज्य आलेलं, आपण चिमूटभर. थोरल्या पुतण्याने पाच मिनिटांत मुघलांशी भांडण काढलं आणि किल्ल्याला वेढा पडला. आता या गेममध्ये वेढा कसा चालतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साधारण दर महिन्याला संगणक एक चौदा बाजूंचा फासा टाकतो. त्यात वेढा घालणाऱ्याच्या तोफा आणि सेनापतीचं कसब मिळवायचं, किल्ल्याची मजबुती वजा करायची. एक पडला तर वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत रोगराई. चांगला आकडा पडला तर आत रसद कमी, मग अन्न कमी, मग तटाला भगदाड, मग शरणागती. बस्स. किल्ल्यात कोण आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, बाहेरून कुणी येऊन काही सांगून गेलं का, याला त्यात जागाच नाही.

तिसरा फासा पडायच्या आत लाईट गेली.

इन्व्हर्टर होता, पण बॅटरीत पाणी घालायचं राहून गेलं होतं. (हे माझं काम नाही, असं मी म्हणून पाहिलं.) माझ्या लॅपटॉपचा पंखा तसाही पिठाच्या गिरणीसारखा चालतो आणि बॅटरी उदबत्तीइतकी टिकते. दहा मिनिटांत पडदा काळा झाला, नगरचं राज्य तिथेच राहिलं, आणि अंधारात धाकट्याने विचारलं, “काका, आता आपण मेलो का?”

लॅपटॉपच्या बॅगेत माझ्याकडे फाशांची पिशवी असते. पुण्यात आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा एकाच्या घरी बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. सगळे चाळिशीचे, दोघांना मधुमेह. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार सांगतो, समोर दार आहे, आतून आवाज येतोय. तुम्ही सांगायचं, मी काय करतो. जे जमेल की नाही शंका आहे त्यासाठी फासा टाकायचा. पडदा नाही, चार्जर नाही, अपडेट नाही. लहानपणी आपण ‘मी राजा, तू चोर’ खेळायचो तेच, फक्त भांडण झालं तर निकाल द्यायला फासा.

याचं कुळ मोठं गमतीचं आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ बसवला. त्याआधीही बुद्धिबळासारखे युद्धाचे खेळ होते, आपल्या चतुरंगापासून. पण बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो. राइसविट्झने मध्ये पंच बसवला. दोन्ही बाजूंनी हुकूम पंचाला द्यायचे, आणि पंच ज्याला त्याला तेवढंच सांगणार जेवढं त्याला रणांगणावर खरोखर कळलं असतं. शत्रू टेकडीमागे असेल तर तो तुमच्या नकाशावर नाही. प्रशियाच्या लष्कराने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. मग दीडेकशे वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या गड्याने आपल्या मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. दोन सैन्यांच्या मध्ये ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव. जास्त मित्र आले म्हणून त्याने गावातली माणसंही वाटून टाकली: कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यार्थी पुढारी. झालं! लढाई राहिली बाजूला. लोक दुसऱ्या खोलीत जाऊन कुजबुजायला लागले, सौदे करायला लागले. वेस्लीला वाटलं आपला खेळ पार फसला. मित्र म्हणाले, परत कधी? त्या मित्रांतल्या डेव्ह आर्नसनने पुढे किल्ला आणि त्याखालची तळघरं घेऊन आपला खेळ रचला, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला.

असो. सांगायचा मुद्दा, किल्ला आणि किल्ल्याखालची भुयारं हा या खेळाचा मूळ पिंडच. आणि नगरच्या किल्ल्याएवढी भुयारांची गोष्ट दुसरी कुठली शोधायची! मेणबत्ती लावली, वहीचे कागद फाडले, आणि म्हटलं, तोच वेढा खेळू. पण आता तुम्ही राज्य नाही, माणसं.

ताईची मुलगी नववीत. ती चांदबिबी झाली, म्हणजे तिने कुणाला विचारलंच नाही. थोरला पुतण्या हबशी सरदार, धाकटा तोफखान्याचा मुख्य. मावसभावाच्या मुलाला मी हमीद खान दिला, किल्ल्यातला एक मानाचा अधिकारी. पहिला वेढा झाला तर दुसराही खेळायचा, असं ठरलं.

आता खरं काय घडलं ते थोडं. यातलं बरंचसं फिरिश्ता नावाच्या इतिहासकारामुळे आपल्याला माहीत आहे. तो लहानपणी नगरला आला, निजामशाहीत चाकरी केली आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. म्हणजे वेढ्यात नव्हता, पण माणसं आणि गल्ल्या त्याच्या ओळखीच्या. चांदबिबी नगरची माहेरवाशीण, हुसेन निजामशहाची लेक. विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात गेलं (सोलापूरकरांनी राग मानू नये). १५८० मध्ये नवरा वारला, तिने विजापुरात लहान पुतण्याच्या नावाने कारभार पाहिला, तिथली कारस्थानंही सोसली, आणि पुढे माहेरी आली. १५९५ मध्ये इथे एकापाठोपाठ दोन सुलतान गेले. मग गादीवर कोण, यावर सरदारांचे तट पडले, आणि त्यातल्या मियाँ मंजूने आपल्या बाजूने मदतीला कुणाला बोलवावं? अकबराच्या मुलाला! शहजादा मुराद निघाला तोवर मंजूला पश्चात्ताप झाला, आणि किल्ला चांदबिबीच्या हाती देऊन तो विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणायला गेला. डिसेंबर १५९५ मध्ये मुराद नगरपुढे येऊन ठेपला. बरोबर खानखानान अब्दुर्रहीम. हो, तेच ते हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम.

मुघलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. आणि इथे फिरिश्ता सांगतो ती गोष्ट माझ्या गेमच्या चौदा बाजूंच्या फाशात कुठेच नाही. मुघल छावणीतला ख्वाजा मुहंमद खान शिराजी नावाचा माणूस रात्री किल्ल्यात आला आणि सुरुंग कुठे कुठे आहेत ते सांगून टाकलं. आतल्यांनी लगेच खणायला घेतलं. दोन निकामी केले. तिसऱ्यावर, सगळ्यात मोठ्यावर, काम चालू असतानाच मुघलांनी बत्ती दिली. तटाचा भलामोठा तुकडा उडाला, खणणारे गेले, पहारेकरी पळायला लागले. तेव्हा चांदबिबी बुरखा घेऊन, नंगी तलवार हातात धरून भगदाडावर आली.

पण मला जास्त आवडतो तो पुढचा तपशील. मुघल लगेच आत घुसले नाहीत. ते बाकीचे सुरुंग उडायची वाट बघत उभे राहिले! जे उडणारच नव्हते. ज्याने कधी रात्रीच्या पाळीत अडकलेल्या कामाची ‘आत्ता होईल, आत्ता होईल’ म्हणत दोन तास वाट पाहिली असेल, त्याला हे चित्र लगेच कळेल. त्यात मुराद आणि खानखानान यांचं पटत नव्हतं. श्रेय खानखानानला जाऊ नये म्हणून मुरादच्या गोटाने त्याला न विचारताच सुरुंग लावले, असं फिरिश्ता म्हणतो. तेवढ्या वेळात आतल्यांनी तोफा, बाण, दारूचे बाण, जे हाताला लागेल ते भगदाडावर आणलं. संध्याकाळपर्यंत मुघलांना आत येता आलं नाही, आणि रातोरात भगदाड बुजवलं गेलं. गोळे संपल्यावर तोफांतून तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी उडवली हे नंतरच्यांनी लिहिलेलं. खरं असो नसो, धाकट्याला ते इतकं आवडलं की त्याने आजीच्या डब्यातली सुटी नाणी आणून मेणबत्तीभोवती रचली. विजापूरची कुमक जवळ आल्याची बातमी आली आणि १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मुघलांना, नगर छोट्या बहादुरशहाला.

पोरांनी पहिला वेढा जवळजवळ असाच जिंकला, आणि मी त्यांना काहीही सुचवलं नव्हतं. शिराजीला मी आणलं, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं. हबशी सरदार म्हणाला, हा हेर आहे, बांधून ठेवा. भाची म्हणाली, बांधून ठेवा आणि खणूनही बघा. धाकट्याने विचारलं, किल्ल्यात विहिरी किती? मी म्हटलं चार मोठ्या: गंगा, यमुना, मछलीबाई, शक्करबाई. तर म्हणाला, मग सुरुंगात पाणी सोडू. घरभर आरडाओरडा, मेणबत्त्या अर्ध्या संपलेल्या, ताई दोनदा येऊन ‘जेवायचं काय’ विचारून गेली.

दुसऱ्या वेढ्याच्या आधी मी एक केलं. प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहून दिली, दुसऱ्याला न दाखवायची. त्यात त्याचं उद्दिष्ट. सूत्रधारांची ही नेहमीची युक्ती आहे, खेळाला धार येते. हमीद खानाच्या चिठ्ठीत लिहिलं: किल्ला शेवटपर्यंत सोडायचा नाही, सोडला तर तू हरलास. चांदबिबीच्या चिठ्ठीत: बहादुरला जिवंत ठेवायचं.

१६०० सालची परिस्थिती १५९६ सारखी नव्हती. मुराद दारूपायी १५९९ मध्ये मेला होता. आता शहजादा दानियाल आणि खानखानान आले होते, आणि खुद्द अकबर बुऱ्हाणपूरपर्यंत उतरला होता. इकडे चांदबिबी आणि अभंग खान यांच्यात इतकं फाटलेलं की बाहेर फौज घेऊन असलेला अभंग खान किल्ल्याच्या मदतीला न येता जुन्नरकडे निघून गेला. पोरांना मी हे सगळं थोडंथोडं, ज्याला त्याला कळलं असतं तेवढंच सांगत गेलो. भाचीला जास्त सांगितलं, कारण राणीला जास्त कळलं असतं. तिने वहीच्या पाठकोऱ्या कागदावर दाणागोट्याचा हिशेब मांडला. मग म्हणाली, मामा, मला हमीद खानाशी एकट्याने बोलायचंय.

दोघं स्वयंपाकघरात गेले. ती नेमकं काय म्हणाली ते मला नंतर कळलं. आपण जिंकू शकत नाही, बाहेरून कुणी येत नाहीये. मुघलांशी बोलणी करू, सगळ्यांना सुखरूप जाऊ देण्याच्या अटीवर किल्ला देऊ, आणि बहादुरला घेऊन जुन्नरला जाऊ. तिथून परत लढू. मी शपथेवर सांगतो, तिने फिरिश्ता वाचलेला नाही.

मावसभावाचा मुलगा बाहेर आला, टेबलाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “राणी किल्ला मुघलांना देतेय.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त ‘जुन्नर’ आणि ‘सगळे सुखरूप’ एवढं गाळलं होतं. हबशी सरदार आणि तोफखाना एकमेकांकडे बघायला लागले. भाची दारात उभी होती, म्हणत होती, अरे ऐका तरी. पण पोरांना एकदा चेव आला की ऐकत नाहीत, आणि एव्हाना त्यांना खेळ सोडून जायचं नव्हतं, लढायचं होतं. मी सूत्रधार. मी थांबवू शकलो असतो. मी म्हटलं, फासा टाका. वीस बाजूंचा फासा, अठरा पडले. राणी मेली.

१६०० मध्ये असंच झालं. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे चांदबिबीने हमीद खानाला विश्वासात घेऊन सल्ला विचारला. तो म्हणाला लढू. ती म्हणाली, या सरदारांच्या वागण्यावरून माझा त्यांच्यावर भरवसा राहिला नाही. बोलणी करून बाहेर पडू, जुन्नरला जाऊ. तो रस्त्यावर धावत गेला आणि चांदबिबी मुघलांना किल्ला देतेय असं ओरडत सुटला. जमाव महालात घुसला आणि तिला मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. या वेळी भगदाडावर उभं राहायला कुणी नव्हतं. बहादुरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं.

भाची काही न बोलता आत गेली. मला वाटलं होतं चिडेल, भांडेल. लाईट आली, सगळे टीव्हीकडे पळाले, ती आजीजवळ बसून लसूण सोलत राहिली. जेवणं झाल्यावर मी गच्चीवर गेलो तर मागोमाग आली.

“मामा, त्याच्या चिठ्ठीत काय होतं?”

सांगितलं.

“म्हणजे मी काहीही बोलले असते तरी तो तेच करणार होता.”

मी म्हटलं, तसं नाही, त्याला वेगळं वागता आलं असतं. तर म्हणाली, “चिठ्ठी तू लिहिलीस ना पण? आणि मला सांगितलं नाहीस की त्याची चिठ्ठी माझ्याहून वेगळी आहे.” मग म्हणाली, “आणि तू बघत बसलास.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि त्याचं कारण चारशे वर्षांपूर्वीचं नव्हतं. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय. दहाएक वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाची सगळी माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवायची होती, शनिवारच्या रात्रीत. पंचवीसतीस जण फोनवर. कामाची सूत्रं आमच्यातल्या एका बाईंकडे, माझ्याहून चारपाच वर्षांनी ज्येष्ठ. रात्री दोनच्या सुमाराला त्यांना दिसलं की दोन्हीकडच्या नोंदींचे आकडे जुळत नाहीयेत. त्यांनी एका सहकाऱ्याला खाजगीत निरोप टाकला: मला वाटतं मागे फिरावं, जुनी यंत्रणा परत चालू करून पुढच्या शनिवारी पुन्हा करू, तुझं काय मत? त्याने मत दिलं नाही. त्याने सगळ्यांसमोर, गिऱ्हाइकाचे साहेब ऐकत असताना, सांगितलं की या हार मानतायत. त्याच्याही खिशात चिठ्ठी असणार, तारखेची. त्यांच्या चिठ्ठीत माहिती शाबूत राहणं होतं.

पुढच्या वीस मिनिटांत सूत्रं दुसऱ्याकडे गेली. पहाटे साडेचारला मागे फिरावंच लागलं, फक्त तोवर माहितीची इतकी सरमिसळ झाली होती की निस्तरायला नऊ दिवस लागले. त्या बाईंना कामावरून बाजूला केलं, आणि काही महिन्यांत त्या कंपनी सोडून गेल्या. आकडे जुळत नाहीयेत हे मला माझ्या पडद्यावर दीड वाजताच दिसलं होतं. मी फोनवर होतो, माझा आवाज बंद केलेला होता. बटण दाबून एक वाक्य बोलायचं होतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की हो, बघत बसलो, चुकलं. ती म्हणाली बरं.

दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर घेऊन चांदबिबीच्या महालावर गेलो. नगरकरांना सांगायला नको. पाथर्डी रस्त्याला डोंगरावर उभी ती अष्टकोनी तीन मजली इमारत, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेली. ती चांदबिबीचा महाल नाहीच. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबत खान याची ती कबर आहे. तो १५८९ मध्ये गेला, चांदबिबीच्या दोन्ही वेढ्यांच्या आधी. पण शेंगावाल्यापासून सगळे महालच म्हणतात. भाचीने पाटी वाचली आणि विचारलं, मग हिचं नाव का? मी म्हटलं, लोकांना ती आठवत राहिली असेल आणि डोंगरावर एवढी मोठी इमारत दिसत असेल. तिला ते फारसं पटलं नाही. वरून शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर बरंच. किल्ला सपाटीवर आहे, त्यामुळे तो कुठे आहे ते दाखवायला मला दोनदा बोट हलवावं लागलं. तिला मी सांगितलं की पुढे मलिक अंबरने दुसरा निजामशहा उभा करून राज्य चालू ठेवलं, आणि आधी ठाणं कुठे कुठे केलं त्यात जुन्नर होतं. ती म्हणाली, “म्हणजे माझं बरोबर होतं.” मी म्हटलं हो. आणि हेही सांगितलं की १९४२ ते ४५ नेहरू त्याच किल्ल्यात कैदेत होते, तिथे बसून त्यांनी भारताच्या इतिहासावर जाड पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच चांदबिबीची आणि तिला तिच्याच माणसाने मारल्याची आठवण काढली आहे. नेहरूंचं तिला विशेष वाटलं नाही. तिने विचारलं, “हमीद खानाला नंतर कधी वाईट वाटलं असेल का?”

परत येताना तिच्या फोनवर मावसभावाच्या मुलाचे तीन मेसेज होते. पहिला ‘सॉरी’, दुसरा ‘पण माझी चिठ्ठी तशीच होती’, तिसऱ्यात नुसतं डोकं खाजवणारं माकड. तिने उत्तर काय पाठवलं ते मला दाखवलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी त्या बाईंचं नाव शोधलं. सापडल्या, दुसऱ्या शहरात आहेत, बऱ्या हुद्द्यावर. चार ओळींचा निरोप लिहिला, दोन दिवस तसाच ठेवला, मग पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. त्यांना तो फोन आठवत होता, मी त्यावर होतो हे आठवत नव्हतं.

मे महिन्यात सगळे परत नगरला जमणार आहोत. सूत्रधार भाची आहे, हे तिने ताईच्या फोनवरून कळवलं आहे. मला शहजादा मुराद दिलाय. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या असा नियम केलाय, त्यावर थोरला पुतण्या अजून भांडतोय की मग मजा काय राहिली. भावाने इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. माझा लॅपटॉप त्या रात्रीनंतर चालू झालेला नाही, दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय.